समासातली तारीख

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझी शिवण उसवली आहे, पहिली नऊ पानं उंदरांनी फस्त केली आहेत, पण तोंड अजून शाबूत आहे बरं! छापखान्यातून निघालो तेव्हा सोनेरी अक्षरांचा केवढा तोरा होता मला. दुकानात सात वर्षं धूळ खाल्ली आणि तो उतरला.

मग बाईंनी मला घेतलं. बाई लिफ्ट तपासनीस. बढतीच्या परीक्षेसाठी त्या रोज एक शब्द शिकायच्या. तो शब्द दिवसभरात कामावर प्रत्यक्ष भेटला, तरच माझ्या समासात पेन्सिलीने तारीख टाकायच्या.

एका सकाळी 'कजोल' निघाला. गोड बोलून, खुशामत करून राजी करणे. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, सरळ सांग ना, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं!"

"मला कोण चढवतंय, आई!" बाई हसल्या. पानात खुणेला पेन्सिल ठेवून त्यांनी मला पिशवीत टाकलं.

त्या दिवशी शिवणकारखान्याची लिफ्ट तपासायची होती. बाईंची पद्धत ठरलेली. लिफ्टच्या पोलादी दोरावरून चिंधी फिरवायची; तार तुटली असेल तर चिंधी अडकते. आज दोरावर ताजं ग्रीस थापलेलं होतं. बाईंनी चिंधी काढली, तोच मॅनेजर म्हणाला, "ताई, हात कशाला काळे करता? तुमची नुसती नजर पुरे! तुमच्यासारखं जाणकार अख्ख्या खात्यात कोणी नाही."

बाईंनी चिंधी परत खिशात ठेवली. खालून शिलाईवाल्या बायकांचा गलका ऐकू येत होता. सही झाली, की त्या लिफ्टमध्ये चढणार होत्या. पाच मजले!

फॉर्मखाली धरायला बाईंनी मलाच काढलं. पेन टेकलं. मला ओरडावंसं वाटलं, पण पुस्तकाला कुठला गळा!

"करा ताई. तुमची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

पेन थांबलं. माझ्यातून सकाळची पेन्सिल डोकावत होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"थांबा," त्या म्हणाल्या.

चिंधी दोरावरून सरकली, आणखी सरकली आणि अडकली. ग्रीस पुसलं, तर सात तारा तुटलेल्या.

"लिफ्ट बंद!" त्यांनी जिन्यातून हाक मारली. "सगळ्या पायीच या गं!"

घरी त्यांनी तारीख टाकली. "झाडावर चढले होते हो, आई," म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या.

आता बाई शब्द फोनवर बघतात. मी डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली असतो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तुम्ही तरी, मित्रांनो, पुस्तकांची शिवण जपा. आणि कुणी फारच गोड बोलू लागलं, की आधी चिंधी फिरवा.