अडॅप्टरची टोपी

“एवढंसंच?” मास्तरांनी ती वस्तू तळहातावर घेतली. कोटाच्या बटणाहून जरा मोठी, काळी, आणि एका टोकाला चपटं चकचकीत तोंड. “आणि ह्याची वायर कुठंय?”

“वायर नसते म्हणूनच तर घेताय ना, मास्तर,” दुकानवाली म्हणाली. संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या या बाईच्या मुलांचे शाळेचे कपडे मास्तरच शिवत आले होते. त्यामुळे ती त्यांना फसवणार नव्हती, पण चिडवायची संधीही सोडणार नव्हती. “वायफायचा अडॅप्टर आहे हा. कंप्युटरच्या मागे खोचायचा, की सगळं हवेतून आत येतं. ह्याच्याहून चांगले पण आहेत, दोन-दोन शिंगांचे. दाखवू?”

“शिंगं नकोत. स्वस्तातला द्या. पण चालेल ना? रविवारी दुपारी मला बोलायचंय.”

“चालेल. मधूनमधून रुसेल. रुसला की मला फोन करा.”

रविवारी दुपारी मास्तरांना आपल्या धाकट्या बहिणीशी बोलायचं होतं. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे साधा फोन काय कामाचा? दोघं हातांनी बोलत. ती बोली कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. लहानपणी खेळता खेळता दोघांनी मिळून ती बनवली होती, आणि ती पुरती समजणारी माणसं जगात दोनच होती. एक धाकटी, एक मास्तर. धाकटी आता फार लांबच्या शहरात, मुलाकडे राहत होती. मास्तरांचा खुबा असा दुखरा, की घरासमोरच्या दुकानात जाऊन येणं हाच त्यांचा प्रवास.

धाकटीचा एक डोळा मागेच निकामी झाला होता. दुसऱ्यात आता मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि तिनं साफ नकार दिला.

“मामा, मी तर हात टेकले,” भाचा फोनवर म्हणाला होता. “पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवतो, तर डोळेच मिटून घेते. अजून थांबलो तर हाही डोळा जाईल म्हणतात. तुम्हीच समजवा तिला.”

तो डोळा गेला तर धाकटीचं बोलणंही गेलं. समोरच्याचे हात दिसले नाहीत तर ती कुणाशी आणि काय बोलणार? 

वरच्या मजल्यावर दातांची डॉक्टरीण राहायची. तिनं आपला मोबाइल देऊन बघितला. पण कशाला टेकवला तर फोन घसरे, एका हातात धरला की मास्तर अर्धेच बोलू शकत, आणि डॉक्टरीण फोन धरून उभी राहिली तर धाकटी ढिम्म. परक्यासमोर घरचं बोलायचं नाही, हा तिचा लहानपणापासूनचा बाणा होता. शेवटी भाच्यानं आपला जुना कंप्युटर कॅमेऱ्यासकट पाठवून दिला. इंटरनेट डॉक्टरणीनं वरून देऊ केलं. वायरसाठी छताला भोक पाडायला घरमालक तयार नव्हता, म्हणून हा अडॅप्टर.

घरी येऊन मास्तरांनी तो खोचला. काही झालं नाही. खोक्यात एक तबकडी होती, पण ती घालायला कंप्युटरला फट कुठेच नव्हती. तेव्हा दुकानवाली स्वतःच रस्ता ओलांडून आली, पेन ड्राइव्हमधून ड्रायव्हर नावाचं काहीतरी आत घातलं, आणि म्हणाली, “आता ओळख पटली दोघांची.” अडॅप्टरच्या पोटात निळा ठिपका लुकलुकायला लागला. संध्याकाळी भाच्याला लावून बघितलं, तर तो पडद्यावर असा लख्ख दिसला की त्याच्या शर्टाची कॉलर वाकडी बसल्याचं मास्तरांच्या लक्षात आलं.

“एवढ्या लांबून कॉलर कसली बघताय,” बायको म्हणाली. “त्याची तब्येत बघा.”

शनिवारचा दिवस मास्तरांनी तयारीत घालवला. आपल्या पाठीमागे त्यांनी काळं अस्तराचं कापड टांगलं, म्हणजे हात उठून दिसतील. स्वतःसाठी काळा सदरा काढून ठेवला. मग त्यांची नजर अडॅप्टरवर गेली. पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन नेमकं त्याच्यावर पडत होतं. बोट लावलं तर चटका बसावा इतका तो तापला होता. मास्तरांचा जीव कळवळला. धुलाईवाल्याच्या इस्त्रीच्या टेबलाचं कव्हर त्यांनी नुकतंच शिवलं होतं. त्यातला चंदेरी कापडाचा तुकडा उरला होता. वरून चांदीसारखा चमकणारा, ऊन परतवून लावणारा. मास्तरांनी त्या तुकड्याची अडॅप्टरला अगदी मापात एक टोपी शिवली. निळा ठिपका दिसायला एक छोटं काजही केलं. मग टोपी निसटू नये म्हणून मानेपाशी बारीक धावदोरा घालून आवळून टाकली.

“घ्या,” बायको म्हणाली. “माझ्या पोलक्याचा हूक महिनाभर लोंबतोय, आणि ह्या ठिपक्याला टोपडं!”

“उद्या ह्याच्यावर सगळं आहे,” मास्तर म्हणाले.

रविवारी दुपारी गल्ली सुस्तावली होती. उन्हाच्या पट्ट्यात कापडाची धूळ तरंगत होती, आणि आपण जागे आहोत की पेंगतोय, हेच मास्तरांना नीट कळत नव्हतं. पडद्यावर धाकटी आली. किती पांढरी झाली होती! तिनं मान तिरपी करून, उरलेल्या डोळ्यानं शोधत बघितलं, आणि चिमटीनं हवेतून एक धागा ओढला. ते मास्तरांचं नाव होतं. तिच्या बोलीतलं.

मास्तरांनी हात उचलले. पण त्यांचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आतच तिच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. हात मनगटापासून तुटल्यासारखा एका बाजूला राहिला, आणि चित्र थांबलं. मग परत आलं, परत गेलं. भाच्याचा आवाज तेवढा तुकड्या-तुकड्यांनी येत होता. “मामा... दिसत... ती उठून... चाललीये...”

“बसव तिला! धरून ठेव!” मास्तर ओरडले, आणि लगेच त्यांनी दुकानवालीला फोन लावला.

ती सांगत गेली आणि मास्तर करत गेले. काढून परत खोचला. दुसऱ्या खाचेत खोचला. कंप्युटर बंद करून चालू केला, भाच्याला परत लावलं. मधे लोखंडी कपाट आहे का? होतं, ते दोघा नवरा-बायकोंनी रेटत भिंतीला नेलं. मास्तरांच्या खुब्यातून कळ निघाली. पडद्याच्या कोपऱ्यातल्या सिग्नलच्या रेघांतली एकच जेमतेम उभी होती.

“त्याच्यावर काही ठेवलंय का?” दुकानवालीनं विचारलं.

“छे, काही नाही.” मास्तरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. डोक्यावर काही ठेवलंय का असं विचारल्यावर आपली टोपी कुणाला आठवते?

“मग मीच येते. पोरांना जेवायला वाढते आणि निघतेच.”

“तोवर ती उठून जाईल हो,” मास्तर म्हणाले. बायकोनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं.

ते नुसते बघत बसले. ऊन अडॅप्टरवर आलं होतं. चंदेरी टोपी चमकत होती, आणि मानेपाशी आवळलेल्या धाग्याचे टाके एकामागे एक दिसत होते. बघता बघता मास्तरांना ती टोपी वाटेना. त्यांना दोन पिशव्या दिसायला लागल्या.

धाकटी लहान असताना शाळेतल्या बाईंनी आईला बजावलं होतं, हिचे हात मोकळे राहिले तर हिचं तोंड कधीच उघडणार नाही. हात बांधा. आईनं कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, धाकटीच्या मुठींवर चढवल्या, आणि मनगटाशी धावदोरा घातला. धाकटी मुकाट कोपऱ्यात बसून राहायची. दुपारी आईचा डोळा लागला की भाऊ तिच्याजवळ जायचा, सुईच्या टोकानं एकेक टाका सोडवायचा, आणि पिशव्या काढायचा. मग दोघं पोटभर बोलत. आई जागी व्हायच्या आत तो त्याच भोकांतून तोच धागा परत घालून ठेवायचा. शिवायला शिकण्याआधी मास्तर उसवायला शिकले होते. आईला आपला टाका आणि पोराचा टाका वेगळा ओळखू आला नसेल, असं कसं म्हणावं? पण ती कधी बोलली नाही, आणि एक दिवस पिशव्या चुलीत गेल्या. चिमटीनं धागा ओढायचा, हे धाकटीनं ठेवलेलं नाव तेव्हापासूनचं.

“अगं, सुई दे,” मास्तर म्हणाले. “लवकर दे.”

त्यांनी टाके सोडवले. टोपी काढून ठेवली. पडद्याच्या कोपऱ्यातली दुसरी रेघ उभी राहिली, मग तिसरी, मग सगळ्याच. धाकटी दाराशी पोचली होती. भाच्यानं तिला खांद्याला धरून वळवलं.

मास्तरांनी विचारलं, का नाही म्हणतेस? सुरीची भीती वाटते?

धाकटीनं हात झटकला. सुरीला कोण भितंय! मग तिनं तळवा उरलेल्या डोळ्यावर ठेवला. दुसऱ्या हातानं कान दाखवला, आणि तो हात हळूहळू खाली, खाली, मांडीपर्यंत नेला. तिथे तो पडून राहिला.

“काय म्हणतेय?” भाच्यानं विचारलं.

“ऑपरेशननंतर पट्टी बांधतात ना? ऐकू येत नाही आणि दिसणारही नाही. विहिरीत पडल्यासारखं होईल म्हणतेय. वरून कुणी हाक मारली तरी कळायची नाही.”

“एक रात्रच असते हो पट्टी,” भाचा हळूच म्हणाला. “मला हे सुचलंच नाही.”

मास्तर पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, “तुझा हात पुढे कर. तिच्या तळहाताखाली नाही, वर. आम्ही पांघरुणात असे बोलायचो, अंधारात. मी सांगतो तसं बोट फिरव.”

“मला येत नाही मामा. तिनं कधी शिकवलंच नाही. तू ऐकणाऱ्यांतला आहेस, म्हणायची.”

“मी शिकवतो.”

मास्तरांनी आपला डावा तळहात कॅमेऱ्यासमोर उघडला आणि उजव्या बोटानं त्यावर बोलायला लागले. गोल फिरवून मधे टेकवलं, की ‘मी इथे आहे’. मनगटाकडून बोटांकडे सरकत नेलं, की ‘थोडंच राहिलंय’. पाचही बोटं टेकवून एकदम उचलली, की ‘उजेड’. भाचा त्यांच्यामागून गिरवत होता. त्याचं बोट जाडंभरडं, अवघडलेलं होतं. धाकटीनं आधी हात मागे घेतला. मग मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान हलवली. तेव्हा तिनं हात पुढे केला, आणि आपणहून डोळे मिटून घेतले.

भाच्यानं ‘मी इथे आहे’ म्हटलं. चुकीचं म्हटलं असावं, कारण ती मिटल्या डोळ्यांनीच हसली, आणि त्याचं बोट धरून तिनं नीट करून दाखवलं. एकदा, परत एकदा. भाच्याचे डोळे भरून आले होते. मास्तर बघत राहिले. त्यांना बरं वाटत होतं, आणि आपल्या हातातून काहीतरी निघून दुसऱ्याच्या हातात चाललंय, हेही कळत होतं.

डोळे उघडून धाकटीनं मान हलवली. होकाराची.

मग दुकानवाली धापा टाकत आली. टोपी बघून तिनं कपाळाला हात लावला. “मास्तर, चांदीचं कापड! धातूचा मुलामा असतो त्याला, सिग्नल जाणार कुठून?” पुढचं हसू तिला आवरेना. मास्तरही हसले.

ऑपरेशन मंगळवारी झालं. दुपारी भाच्यानं इस्पितळातून मोबाइल लावला आणि पलंगाच्या पायथ्याशी टेकवून ठेवला. धाकटी उशीला टेकून बसली होती. डोळ्यावर जाड पांढरी पट्टी. भाचा तिच्या तळहातावर बोट फिरवत होता, आता बऱ्यापैकी सफाईनं.

मास्तर काळा सदरा घालून काळ्या कापडासमोर बसले होते. ते हातांनी बोलायला लागले. तुझं ऑपरेशन छान झालं. इकडे ऊन फार आहे. वहिनीचा हूक शेवटी लावला. त्या अडॅप्टरला मी टोपी घातली होती, तुला ती गंमत सांगायचीच राहिली.

“अहो,” बायको मागून हलक्या आवाजात म्हणाली, “तिला दिसत नाहीये.”

“माहितीये,” मास्तर म्हणाले, आणि बोलत राहिले.

भाचा पाणी आणायला उठला. धाकटीचा हात चादरीवर एकटाच पडून राहिला. थोड्या वेळानं तो उचलला गेला. पडद्याच्या दिशेनं नाही, जरा बाजूला, कुठेतरी खिडकीकडे. चिमटीनं तिनं हवेतून सावकाश एक धागा ओढला, आणि थांबली.

मास्तरांनी बोलता बोलता हात थांबवले. मग डावा तळहात मांडीवर उताणा ठेवला, आणि त्यावर बोट गोल फिरवून मधे टेकवलं.