दमानं घे, प्रज्ञा

'दमानं घे' या दोन शब्दांना माझा कोपरापासून नमस्कार. ज्यानं त्यानं उठावं आणि मला हेच सांगावं. पण त्याचा खरा अर्थ मला शिकवला तो कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या रंगनाथ सरांनी, आणि म्हणून त्यांचंच मला जास्त लागलं.

पंच्याण्णव सालची गोष्ट. कोपरगावजवळच्या आमच्या कॉलेजात नाव वल्हवायचं मशीन आलं. कॉलेजच्या चेअरमनसाहेबांनी आणवलं, कारण त्यांच्या पुतणीला, जयमालाला, खेळाडू व्हायचं होतं. फरशीवर ठेवलेलं लांबलचक लोखंड, पुढं पंख्याचं चाक, सरकणारी बैठक आणि ओढायला साखळीची मूठ. पाण्याचा थेंब नाही. आमच्या वस्तीवरच्या बाया हसून हसून बेजार. "सोपानची पोरगी फरशीवर नाव चालवती म्हनं! मंग गोदावरीत काय बैलगाडी घालनार का गं?" हसा म्हटलं, हसून घ्या.

मशीनला छोटा पडदा होता. आत्ताच्या वेगानं अर्धा किलोमीटर जायला किती वेळ लागेल, तो आकडा तिथं दिसायचा. आकडा खाली आला की वेग वाढला, वर चढला की तुम्ही मेलात. पहिल्या दिवशी मी जीव खाऊन ओढलं आणि आकडा भराभरा खाली आणला. केवढी फुशारकी! थोड्याच वेळात छातीत जाळ, मांड्यांचे दगड, आणि आकडा चढतोय तो चढतोय. सर शेजारी उभे राहून हसत होते.

"सुरुवातीला अंगात जो जोर वाटतो ना, तो खोटा असतो," सर म्हणाले. "दमानं घे. दोन किलोमीटर जायचंय, हे पहिल्या झटक्यालाच डोक्यात पाहिजे. पाय आधी रेट, मग पाठ, हात शेवटी. आकडा एका जागी धरून ठेव. कोण पुढं गेलं ते बघू नको. दुसऱ्या अर्ध्यात लोक मरतात, तिथं तू जिवंत राहा."

शिकले मी. अंगातला जोर दाबून ठेवायला शिकले, आणि ते ओढण्यापेक्षा अवघड असतं. जयमाला मात्र दर वेळी सुटायची ती वाऱ्यासारखी आणि शेवटाला मूठ टाकून आडवी व्हायची. तिला दमानं घे म्हणायची कुणाची टाप नव्हती. पोरगी वाईट नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू?

मग कळलं, पुण्याच्या नाव वल्हवायच्या ट्रेनिंग कॅम्पसाठी आमच्या कॉलेजातनं एकच मुलगी घेणार. राहणं, पुढचं शिक्षण, सगळं तिकडंच. इकडं घरी श्रीगोंद्याचं स्थळ दारात येऊन बसलेलं. माझे वडील, आण्णा, शुगर फॅक्टरीत कामाला, शब्दाला पक्के. म्हणाले, "निवड झाली तर खुशाल जा पुन्याला, मी कुनाला भीत न्हाई. न्हाई झाली तर त्या मान्सांना व्हय म्हनतो. मंग आडून बसायचं न्हाई." मी म्हटलं, ठरलं.

चाचणीच्या दिवशी निवड करणारे पुण्याचे साहेब आले ते उशिरानंच. आधी जयमाला बसली. सुटली नेहमीसारखी. सरांनी तिचा अर्ध्या अंतराचा वेळ फळ्यावर लिहिला, मग पूर्ण अंतराचा. त्या दोन आकड्यांच्या मध्ये ती किती मेली होती, ते माझ्यासारखीला वाचता येत होतं. मला आतून हसू फुटलं. स्वतःलाच म्हटलं, पोरी, पुणं तुझंच.

मी बसले. आकडा धरला. हलू दिला नाही. श्वास लागला, पण माझ्या ताब्यात होता. अर्धं अंतर झालं तेव्हा मी जयमालाच्या अकरा सेकंद मागं होते, आणि अगदी तिथंच मला असायचं होतं. आता दाबून ठेवलेला जोर सोडायचा, म्हणून मी पाय रेटले.

तेवढ्यात चेअरमनसाहेबांचा आवाज आला. "साहेब, बंगल्यावर ताटं वाढलीत. हे तर स्पष्टच झालं की. अर्ध्याला ती पुढं, ही मागं. अर्ध्याशी अर्धं ताडलं, अन्याय कुठाय?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "हं, पुरेसं आहे."

मी सरांकडं बघितलं. बोला ना, बोला! एवढंच सांगा की हिचं अर्धं आणि तिचं अर्धं एक नाही. सरांनी बुटांकडं बघितलं आणि म्हणाले, "थांब, प्रज्ञा."

थांबते काय! जीपचा आवाज ऐकत मी ओढत राहिले. साठवलेलं सगळं काढलं. रडत होते, शिव्या देत होते, आकडा खाली खाली येत होता. संपलं तेव्हा खोलीत एकटे छगनमामा शिपाई, हातात कुलूप घेऊन उभे. त्यांनी पडदा बघितला, फळा बघितला. "अगं, जयमालाताईपरीस तू लई पुढं की!"

मी मूठ सोडली नाही. कुणीतरी येईल आणि बघेल असं वाटत होतं. आलेच. साहेबांची टोपी खुर्चीवर राहिली होती, ती न्यायला रंगनाथ सर परत आले.

त्यांनी पडदा बघितला. बराच वेळ बघितला, त्यांना चांगलंच कळलं. मग वाकले आणि बटण दाबलं. आकडा गेला.

"दमानं घे, प्रज्ञा," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी श्रीगोंद्यात असेन, सर."

त्यांनी टोपी उचलली आणि गेले. जेवायचे राहिले होते ना!

आण्णांनी शब्द पाळला, मीही पाळला. ज्याला पूर्ण अंतर मिळणार आहे, त्यानं खुशाल दमानं घ्यावं. आमच्यासारख्यांना कुठं थांबवतील, नेम नाही. तेव्हा पहिल्याच झटक्याला सगळं ओढून घ्यायला हवं होतं, हे मला कुणी शिकवलं नाही.

लग्नानंतर निघताना आईनं माझे दोन्ही हात धरले. हाताला मुठीचे घट्टे अजून होते, त्यावरनं तिनं अंगठा फिरवला.

"सासरी जरा दमानं घे गं बाई."

मी विचारलं, "अंतर किती आहे गं, आई?"

"लई लांब न्हाई," आई म्हणाली. "नगरात यष्टी बदलायची, एवढंच."