कपाळावर नव्हे, डोळ्यावर कुंकू

मित्रांनो, मी विटा रचणारा एक जुना रोबो आहे. आता रायपुरातल्या भनपुरीच्या गोदामात धूळ खात पडलोय. पण एकेकाळी नवा रायपूर शहरातल्या कितीतरी भिंती या एका हाताने उभ्या केल्यात, बरं का!

क्षमा मॅडम तिथल्या इंजिनिअर. त्यांनी मला आणलं तेव्हा गंगाधर मिस्त्री माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. "हा आमच्या पोटावर पाय द्याले आला," म्हणायचे. खोटं कशाला सांगू, माझीही फजिती व्हायची. वीट जरा वाकडी निघाली की मी अडून बसायचो आणि गंगाधरदादा गालातल्या गालात हसायचे. मला माया लावली ती सिमेंट-वाळूचा मसाला कालवणाऱ्या वनमालाबाईंनी. येता-जाता त्या पदराने माझं तोंड पुसायच्या.

विश्वकर्मा पूजेला सगळ्या अवजारांना हळदकुंकू लागलं. वनमालाबाईंनी माझ्या माथ्यावरच्या गोल काचेवर तेलात कालवलेलं कुंकू ठसठशीत लावलं. मी तर हरखूनच गेलो! पण ते कपाळ नव्हतं हो, तो माझा डोळा होता. समोर माणूस दिसला की हात थांबवायचा, ते सारं त्या डोळ्यावर चालायचं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं आणि मला सगळं लालेलाल दिसू लागलं. गंगाधरदादा ओळंबा लावून भिंत सरळ आहे का ते बघायला वाकले होते, ते मला दिसलेच नाहीत. वीट धरलेला माझा हात फिरला.

"दादा, सरका!" म्हणत वनमालाबाईंनी त्यांना खसकन ओढलं. वीट त्यांच्या डोक्याच्या गमछ्याला घासून गेली. मॅडमनी धावत येऊन माझा हात बंद केला.

माझी काच बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "किसने लगाया ये?" वनमालाबाईंनी "मी" म्हणताच त्या कडाडल्या, "वनमालाबाई, उद्यापासून कामावर येऊ नका!"

बाई रडू लागल्या. "सणाच्या दिवशी याचंच कपाळ कोरं काहून ठेवू, मॅडम?"

मला वाटलं, संपलं. माझ्यामुळे बाईंची रोजी गेली. तेवढ्यात गंगाधरदादाच गमछा झटकत पुढे आले.

"बाईले काहून बोलून राहिल्या? याले तुमी सारं शिकवलं. याचा डोळा कुठं हाय, हे आमाले कोनी सांगतलं?"

मॅडम म्हणाल्या, "चुकलं माझं, दादा." त्यांनी सगळ्यांना माझ्याजवळ बोलावलं. डोळा कुठे, हात कुठवर फिरतो, बंद कसं करायचं, सगळं समजावलं. वनमालाबाई कामावर राहिल्या. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र आणाल तेव्हा त्याच्याजवळ राबणाऱ्या माणसांना आधी शिकवा. माझा हात मोडला असता तर दुसरा बसवता आला असता. गंगाधरदादांचं डोकं कुठल्या दुकानात मिळालं असतं?