रोसाल्बाचे गाल

“ठेव तो आरसा खाली. बघून बघून सूज उतरते होय?” आई म्हणाली.

रोसाल्बाने आरसा ठेवला नाही. गोळ्या सुरू झाल्यापासून तिचे गाल भोपळ्यासारखे फुगले होते. अख्ख्या इताउग्वा गावात तिच्या हातच्या जाळीदार लेसला मागणी होती, आणि आता ती स्वतःच्याच लग्नाची ओढणी विणत होती. विल्फ्रिदोशी लग्न दोन महिन्यांवर आलं होतं.

“विल्फ्रिदो म्हणतो, फोटोत मी ओळखूच येणार नाही.”

“थट्टा केली असेल गं.”

“थट्टाच. पण सगळ्यांदेखत केली.”

लूपस हा शब्द राजधानी असुन्सिओनच्या डॉक्टरांनी घाईघाईत उच्चारला होता. शरीर स्वतःच्याच अंगावर उठलंय, गोळ्या सोडू नका, एवढंच ते म्हणाले. का सोडायच्या नाहीत, हे त्यांनी सांगितलं नाही आणि हिनेही विचारलं नाही. सांधे दुखायचे थांबले, चट्टे गेले. म्हणजे दुखणंही गेलं, असं तिने धरलं.

“आई, मी बरी झालेय. ही सूज आता नुसती औषधाची.”

“मग नको घेऊस. मी मुळ्या कुटून देते तुझ्या तेरेरेच्या गार चहात. रक्त साफ होईल.”

तिने गोळ्या बंद केल्या, आणि गाल खरंच उतरले. पण मग पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला, आणि एका सकाळी ती विणता विणता लेसच्या चौकटीवरच कोसळली. जीव वाचला. मूत्रपिंडं वाचली नाहीत.

विल्फ्रिदो इस्पितळात दोनदा येऊन गेला. मग त्याची आई आली, संत्री घेऊन. “त्याला पोरंबाळं हवीत गं,” खाली बघत म्हणाली.

“संत्री मला चालत नाहीत आता, मावशी. घेऊन जा.”

ती गेल्यावर आई रडायला लागली. “मीच पाजलं ना तुला ते!”

“तुला तरी कुणी सांगितलं होतं, आई?”

रक्त शुद्ध करायच्या यंत्रासाठी रोसाल्बा इस्पितळात जाऊ लागली. एकदा बाकावर शेजारी एक कोवळी मुलगी बसली होती. गाल तसेच, गोल.

“मी बंद करणारेय ह्या गोळ्या,” मुलगी म्हणाली. “आता बरं वाटतंय मला.”

“मलाही वाटत होतं. गोळ्यांमुळेच वाटत होतं, ते कळलं नाही. कमी करायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. आणि का, कशासाठी, तेही विचार. लाजू नकोस.”

रोसाल्बाने बाही वर सरकवली. यंत्राला जोडायला शस्त्रक्रियेने तयार केलेली शीर दंडावर दोरखंडासारखी फुगली होती.

“हात लाव.”

मुलीने भीतभीत बोटं टेकवली. कातडीखाली वेगाने धावणारं रक्त अखंड गुणगुणत होतं. आतून मुलीचं नाव पुकारलं गेलं, तरी तिने बोटं उचलली नाहीत.