वरचा सूर आणि मॅडमचा अंगठा

निंग आब्रेनिकाचा पहिला अल्बम फक्त नातेवाइकांनी विकत घेतला होता. सुदैवाने नातेवाईक बरेच होते, म्हणून कंपनीने दुसरा काढायला घेतला. केसोन सिटीतल्या स्टुडिओत बाकीची गाणी झाली. उरलं होतं एकच, ज्याचं नाव अल्बमला द्यायचं होतं ते. त्याच्या शेवटी एक वरचा सूर होता, आणि नेमका त्याच सकाळी निंगचा आवाज बसला. तिने रखवालदाराला नमस्कार केला, तर कोण पुरुष आलाय म्हणून त्याने मागे वळून पाहिलं.

अल्बम करणारे डेल्फिन सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर निंगला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं, की दुपारपर्यंत सूर लागला नाही तर गाणं ग्रेसिल्डाला द्यावं लागेल. ग्रेसिल्डा कंपनीचीच दुसरी गायिका. ती बाहेरच्या खोलीत येऊनही बसली होती. मांडीवर पान्सित नूडल्सचा डबा, आणि काचेतून निंगकडे बघून इतकी गोड हसत होती की निंगने पाठ फिरवली.

निंगच्या सोबतीला आलेल्या कोन्सिंग मावशीने आल्याचा काढा पाजला, गळ्याला मलम चोळलं, शेवटी पोटाला हात लावून पाहिला. पोट गार. म्हणजे उसोग, परक्याची दृष्ट. कुणीतरी परक्याने पोरीचं कौतुक केलं आणि दृष्ट टळावी म्हणून 'पुवेरा उसोग' म्हणायला विसरला. आता त्यानेच अंगठ्याला थुंकी लावून तिच्या पोटावर फिरवायची, दुसरा उपाय नाही.

चौकशी सुरू झाली. पियानोवाला म्हणाला, त्याने फक्त तिच्या बुटांचं कौतुक केलं होतं. मावशीने खबरदारी म्हणून त्याची थुंकी बुटांना लावून घेतली. डेल्फिन सरांनी शपथेवर सांगितलं की आपण जन्मात कुणाचं कौतुक केलेलं नाही, हवं तर बायकोला विचारा.

मग निंगलाच आठवलं. काल मॅडम येऊन गेल्या होत्या, कंपनीच्या मालकीणबाई. जाताना तिचा गाल धरून म्हणाल्या होत्या, काय गळा आहे गं तुझा.

"मावशी, नको," निंग घोगऱ्या आवाजात म्हणाली. "त्या मला काढून टाकतील."

"टाकू देत. आधी थुंकू देत."

मावशीने फोन लावला. ती काय बोलली ते निंगला कळलं नाही, कारण तिने कान झाकून घेतले होते.

मॅडम मोत्यांची माळ घालून, तोंड पाडून आल्या. एकेक अंगठी काढून त्यांनी डेल्फिन सरांच्या हातात दिली. आता आपला निकाल लागला, असं निंग धरून चालली.

"माझी जीभच मेली तशी," मॅडम अंगठा ओला करत पुटपुटल्या. "गावाकडे एका रेड्याला देखणा म्हणाले होते. अजून उठला नाही तो."

अंगठा फिरला. निंग माइकसमोर उभी राहिली. पहिल्यांदा नुसती हवा आली, दुसऱ्यांदा खरखर. तिसऱ्यांदा सूर वर गेला आणि वरच थांबला. गाणं संपलं.

"कसं झालं?" निंगने विचारलं.

"भिकार," मावशी डोळे पुसत म्हणाली.

"ऐकवत नाही अगदी," मॅडम म्हणाल्या, आणि तोंडावर हात ठेवला.

पियानोवाला वाद्याशी बोलत असल्यासारखा म्हणाला, की याहून वाईट त्याने ऐकलेलं नाही. निंगला घाम फुटला. ही मंडळी कौतुकाला घाबरत होती, की खरंच सांगत होती? डेल्फिन सर तर कौतुक करणारे नव्हतेच. त्यांनी कानावरचे हेडफोन काढले आणि ते उठून बाहेर ग्रेसिल्डाकडे गेले.

काचेतून आवाज येत नव्हता. सरांचे ओठ हलले. ग्रेसिल्डाने डब्याला झाकण लावलं, पर्स खांद्याला अडकवली, उठली. त्या खोलीला दोन दारं होती, एक आत माइकपाशी येणारं आणि एक जिन्याकडे जाणारं. ती दोन्हींच्या मध्ये उभी राहून केस नीट करू लागली.

मग ग्रेसिल्डाने जिन्याचं दार उघडलं आणि ती खाली उतरून गेली.