लाल फुली

चर्चचे एल्डर बोआडू आले तेव्हा मामा छापखान्यातल्या ऑफसेट मशीनच्या रोलरवरची शाई रॉकेलनं पुसत होता. एल्डर दारातच थांबले. आत आले तर पांढऱ्या सदऱ्याला डाग पडला असता.

"आम्पोन्सेम, सुगीच्या रविवारची दानाची पाकिटं यंदा वेगळी हवीत. प्रत्येक पाकिटावर माणसाचं नाव. हातानं लिहिलेलं नको, छापलेलं."

मामा हसला. "प्रत्येक नावाला वेगळी प्लेट करू? मग ही सुगी सोडा, पुढच्या सुगीला या न्यायला."

"आदुमच्या छापखान्यात नवं मशीन आलंय. कॉम्प्युटरातून नावं जातात, एकामागून एक. तुमच्यानं होत नसेल तर सांगा. तुमचे मामा हा छापखाना चालवायचे तेव्हापासून आमची पाकिटं इथं होतात, म्हणून आधी इथं आलो." जाता जाता वळून म्हणाले, "आणि ज्यांची चर्चची वर्गणी थकलीय त्यांच्या नावापुढं लाल फुली. छोटीशीच. पुकारताना बरं पडतं."

मागं भिंतीला टेकून पोकुआ मावशी पाकिटं दुमडत बसली होती. मांडीवर कागद, बाजूला कसाव्याच्या खळीचं भांडं. तिचं बोट खळीत बुडालं ते तिथंच राहिलं. मावशीची वर्गणी थकली होती. तिच्या गुडघ्यांनी बाजारातली जागा सोडायला लावली तेव्हापासून.

आमच्या कुमासी शहरात, निदान आमच्या गल्लीत, माणूस मरणाला भीत नाही, पुरण्याला भितो. वर्गणी भरलेली नसली तर पाद्री येत नाही, घंटा वाजत नाही, बायका गात नाहीत. पेटी फाटकाबाहेर उन्हात उभी राहते आणि घरचे लोक आत बसून घासाघीस करतात. केळीवाल्या कोनाडूचं असंच झालं. तिनं दिलं होतं! सुगीला दिलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत. पण पाकिटावरचं नाव एल्डर बोआडूंनी आपल्या शाईपेनानं लिहिलेलं, आणि बाई उन्हातून चालत आलेली, पाकीट काब्याच्या, अंगातल्या झंपराच्या, आत छातीशी. बाहेर काढलं तेव्हा नावाचा नुसता डाग उरला होता. एल्डर म्हणाले, नाव नाही तर दान नाही. ती मेली तेव्हा पेटी फाटकाबाहेर. देवाला नाव वाचता येत नसेल तर तो देव कसला, हे मी तेव्हा बोलले नाही. आता लिहिते.

म्हणून छापलेलं नाव हवं असं एल्डर म्हणाले तेव्हा मला आधी बरंच वाटलं. छापलेलं पुसलं जाणार नाही. मावशी वर्षभर चिमटीचिमटीनं साठवून सुगीला जे देईल ते तिच्या नावावर पडेल. मग फुली आठवली. फुलीवाल्यांना एल्डर पुढं बोलावतात. सगळ्यांसमोर उभं करतात, हातात पाकीट उंच धरायला लावतात. बरोबर वही नसते त्यांच्या. पाकिटं बघूनच पुकारतात.

"डुफी," मावशी मला म्हणाली, "मला पुढं उभं केलं ना, तर मी तिथंच मरेन. आणि तिथं मेले तर पुरतीलही नाहीत. काय गंमत!"

ती हसली. मला हसू आलं नाही.

मशीन विकणारा ओसाफो आदुमच्या रस्त्यावर काचेच्या दुकानात बसतो. आत इतकं गार की मामानं खांद्यावरचं कापड गळ्याभोवती गुंडाळून घेतलं. दोन मशीनं शेजारी शेजारी ठेवलेली. ओसाफोनं अट आधीच सांगितली होती: आमचं ऑफसेट तो बदल्यात घेणार, त्याशिवाय आम्हाला कुठलंच मशीन झेपणार नव्हतं. म्हणजे एकदा निवडलं की परत फिरायला वाट नाही. चुकलं तर ऑफसेटही गेलं, चर्चही गेलं, आणि मावशीचं नावही कोनाडूच्या नावासारखा नुसता डाग.

"मॅडम, हे घ्या," ओसाफो म्हणाला. "पातळ शाईचं. इथल्या छापखान्यानंही हेच नेलंय. रंगीत. लाल, निळं, काय हवं ते. स्वस्त. आणि ते दुसरं पावडरचं, आत तापतं, फक्त काळं छापतं, महाग. मला विचाराल तर त्याच्याकडं बघूसुद्धा नका."

त्यानं आपली पाकिटं काढली, गुळगुळीत, परदेशी. मी म्हटलं, "ती ठेव. आमची घाल." मी पिशवीतून मावशीनं दुमडलेली काढली. चर्चमध्ये जन्मवाराप्रमाणं पाकिटाचा रंग ठरतो; ही गुरुवारी जन्मलेल्यांची, पिवळी.

"नाव काय टाकू?"

"पोकुआ."

नाव सुरेख उमटलं. वर लाल फुलाची वेल. मामासुद्धा मान पुढं करून बघत राहिला. मी पाकीट उचललं, काब्याच्या गळ्यातून आत सारलं आणि दार ढकलून बाहेर पडले.

"मॅडम? कुठं चाललात?"

"केजेतियापर्यंत. येते."

भर दुपार. त्रोत्रो गाड्यांच्या भोंग्यांतून, टोमॅटोच्या पाट्यांतून, टायर आणि तळणाच्या वासातून मी बाजारापर्यंत गेले आणि आले. कुठलीही आमची बाई जशी जाते तशी. परत आले, दुकानात उभ्या उभ्या पाकीट बाहेर काढलं. ओसाफो छताकडं बघायला लागला.

वेलीचा चिखल झाला होता. नाव पाकिटावर नव्हतंच. ते माझ्या छातीवर उलटं उमटलं होतं.

"पण मॅडम," ओसाफो छताशीच बोलला, "पाकीट तिथं कोण ठेवतं?"

"तुझी आई."

तो हळूच म्हणाला, "हो. ठेवते."

पावडरच्या मशीनमधून दुसरं पाकीट काढलं. पुन्हा ऊन, पुन्हा केजेतिया, पुन्हा घाम. परत आले. बाहेर काढलं. पाकीट पापडासारखं वाकडं झालेलं, पण पोकुआ जागच्या जागी. नखानं खरवडलं तरी हलेना.

"हेच," मी म्हटलं.

"थांब," मामा म्हणाला. त्यानं पाकीट उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. आत मशीन तापतं. मावशीनं झाकणावर लावून वाळवलेली खळ त्या तापानं आणि दाबानं चिकटून बसली होती. रिकामं पाकीट, तोंड बंद. घाला आता देवाला दान!

ओसाफोला हायसं वाटलं. "म्हणून म्हणतो, माझी तयार पाकिटं घ्या. दुमडायला नको, खळ नको."

म्हणजे मावशी नको. दुमडणाऱ्या सगळ्या बायका नकोत. मी त्याला विचारलं, "नुसता कापलेला कागद घेतं का हे? न दुमडलेला?"

"कागद? ते तर सगळ्यांत सोपं."

"मग आधी छापू, मागून दुमडू."

"आणि घडी चुकली तर?" मामा म्हणाला. "नाव पाकिटाच्या पाठीवर जाईल. आणि हे खोकं बिघडलं तर? ऑफसेट मी पाना घेऊन उघडत होतो. हे बिघडलं तर आक्राहून माणूस येईपर्यंत चर्चला काय फुफू वाढू?"

त्याचं सगळं खरं होतं. पण मनात एक गोष्ट पक्की होती, ती मी दुकानात बोलले नाही, वाटेत मामाला सांगितली.

"हे मशीन लाल छापत नाही, मामा. फुली मागितली तर सांगू, नाही होत."

मामानं माझ्याकडं बघितलं. "अगं, त्यासाठी घेतेस होय?"

"नावासाठी घेते. हे वरचं."

ऑफसेट न्यायला ट्रक आला त्या दिवशी मामा म्हणाला, भाजलेलं केळं घेऊन येतो. ट्रक गेल्यावर आला. हातात केळं नव्हतं. फरशीवर जिथं मशीन होतं तिथं तेलाचा काळा चौकोन राहिला होता, आम्ही सगळे त्याला वळसा घालून चालत होतो.

पुढचे दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. वीज गेली की वाटायचं, संपलं. मशीन कुरकुरलं की मामा माझ्याकडं बघायचा, मी भिंतीकडं. पहिल्या घड्या चुकल्या, नावं पाठीवर गेली, मावशीनं शिव्या घालत कागद फिरवून फिरवून नवी घडी बसवली. आणि रात्रंदिवस मी तेच वाक्य घोकत होते: आमचं मशीन लाल छापत नाही, एल्डर. आमचं मशीन लाल छापत नाही.

एल्डर आले. चौकोनावर आता शाईचं मशीन नाही, सदऱ्याला डागाची भीती नाही, हे बघून आत आले. वरचं पाकीट उचललं, अंगठा जिभेला लावला, नावावर घासला. पुन्हा घासला.

"शाबास," ते म्हणाले. "आणि फुली?"

"आमचं मशीन लाल छापत नाही, एल्डर. फक्त काळं."

"मग काळी छाप."

बस्स. एवढंच. इतके दिवस घोकलेलं वाक्य एका फुंकरीत उडालं. काळी फुली! मला सुचलंच नव्हतं. मशीनला ती जड नव्हती. मशीनला काहीच जड नसतं. मी त्याच्या आड लपायला निघाले होते आणि ते बाजूला सरकलं. मागं मावशीच्या हातातला कागद कुरकुरला. मामा फरशीवरच्या चौकोनाकडं बघत होता.

"नाही छापणार," मी म्हटलं.

"काय?"

"फुली नाही छापणार. काळी नाही, लाल नाही, कुठलीच नाही. नावं छापीन, सगळ्यांची, एकसारखी."

"पोरी, तुझं काम छापायचं. हिशेब देवाचा."

"देवाला फुली लागली असती तर त्यानं जन्मताच कपाळावर मारून पाठवलं असतं. ती तुम्हाला लागते."

"डुफी," मामा कुजबुजला.

"आदुमला घेऊन जा काम," मी म्हटलं. "तिथं लाल मिळेल. पण तिथलं नाव घामाला टिकत नाही. कोनाडूसारखं होईल, आणि या वेळी सबंध गल्ली विचारेल."

कोनाडूचं नाव काढल्यावर एल्डरनी हातातलं पाकीट उजेडाला धरलं. अंगठा पुन्हा जिभेला लावून पुन्हा त्या नावावर घासला. मला वाटलं, आता पाकीट टाकतील आणि निघतील.

"नावं तू छाप," शेवटी ते म्हणाले. "फुली माझी मी मारीन." त्यांनी खिशातून शाईपेन काढलं. तेच. टोपण उघडलं, आत लाल. "हातातल्या या पाकिटापासूनच सुरू करू. पोकुआ. आहेस ना गं थकलेली?"

"आहे, एल्डर," मावशी म्हणाली.

त्यांनी नावापुढं फुली मारली, सावकाश, फुंकर घालून वाळवली, आणि पाकीट तिच्या हातात दिलं. बाकीची गठ्ठ्यानं काखेत मारून ते गेले. काम राहिलं. मामा स्टुलावर मटकन बसला.

मी मावशीकडं बघू शकत नव्हते. इतकं करून फुली पडलीच, आणि तिच्या डोळ्यांदेखत.

मावशीनं पाकीट डोळ्यांजवळ धरलं. छापलेल्या नावावरून बोट फिरवलं. मग फुलीकडं बघितलं, अशी जणू कुणी ओळखीचं भेटलंय.

"कोनाडूचं नाव याच पेनानं लिहिलं होतं ना गं?"

"हो."

तिनं पाकीट काब्याच्या गळ्यातून आत सारलं, वरून थापटलं आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"सुगीच्या दिवशी चर्चपर्यंत चालेन म्हणते. त्रोत्रो नको. आणि बाकीच्या थकलेल्या बायकांनाही चालतच यायला सांगून येते, आत्ताच. ऊन बरं आहे."

"इतक्या उन्हात? कशाला म्हणून जातेस?" मामा ओरडला. त्याच्या काही लक्षात आलं नव्हतं.

"खळ संपलीय," मावशी दारातून म्हणाली.

भांडं काठोकाठ भरलेलं होतं.