एकत्रीकरण

आंबेदऱ्याची जिल्हा परिषदेची शाळा सोमवारी सकाळी, सातचा पाढा चालू असताना, चालायला लागली. शाळा चालते असं सगळेच म्हणतात. बरी चालते, रडतखडत चालते, बाईंमुळे चालते. ही मात्र खरोखरच चालली. 'सात दुणे चौदा'ला व्हरांड्याच्या पायऱ्या जमिनीपासून सुटल्या, 'सात चोक अठ्ठावीस'ला हातपंप खिडकीतून मागे जाताना दिसला, आणि पाढा संपेपर्यंत एका खोलीची ती इमारत, पत्र्यासकट आणि भिंतीवरच्या सुविचारासकट, उतार उतरून ढेब्यांच्या नाचणीच्या वावरापाशी आली होती. पोरं तोंडाचा आ करून खिडकीशी गेली. "कुणी धक्काबुक्की करायची नाही," हेमलताबाई म्हणाल्या.

शाळा चालली याचं हेमलता शेडगे यांना फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते आदेश निघाला याचं. त्यांचे यजमान हणमंत शेडगे हेही जिल्हा परिषदेचेच शिक्षक, पण जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, लाखेवस्तीला, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न घेता जातो. लग्न ठरलं तेव्हा भावकी म्हणाली होती, दोघंही नोकरीला, म्हणजे सोन्याहून पिवळं. सोनं होतं खरं, पण एक डूल जिल्ह्याच्या पश्चिमेला आणि एक पूर्वेला. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना, एवढाच त्यांचा संसार. दरवर्षी बदल्या निघायच्या आणि दरवर्षी बाई 'पती-पत्नी एकत्रीकरणा'खाली अर्ज करायच्या. दरवर्षी तो कुठंतरी अडायचा. यंदा फोनवर दोनच वाक्यं आली: एकत्रीकरण मंजूर. तात्काळ अंमल करावा.

केंद्रप्रमुख पिसाळ साहेब दुपारी मोटारसायकलवरून आले. दहा-पंधरा शाळा त्यांच्या ताब्यात होत्या आणि इतके दिवस त्या जागच्या जागी असत, ही एकच सोय त्यांना होती. शाळा नाचणीत उभी बघून त्यांनी गाडी बांधाला टेकवली आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"बाई, असं झालंय," ते म्हणाले. "वरच्या ऑफिसात शब्द एकच आहे. नवरा-बायकोचं पण एकत्रीकरण, आणि कमी पटाच्या शाळांचं पण एकत्रीकरण. तुमचा अर्ज शाळांच्या गठ्ठ्यात गेला. आता तुमची शाळा आणि शेडगे सरांची शाळा एकत्र व्हायला निघाल्यात."

"मग चूक दुरुस्त करायला सांगा."

"चूक कुठंय? एकत्रीकरणच मागितलं होतं ना तुम्ही?"

खरं सांगायचं तर चूक दुरुस्त व्हावी असं बाईंनाही वाटत नव्हतं. पिसाळ साहेब गेल्यावर त्यांनी लाखेवस्तीला फोन लावला.

"आमची पण निघाली," हणमंत सर म्हणाले. "बेच्या पाढ्याला."

"अहो, तुमची पोरं अजून बेच्या पाढ्यावरच आहेत?"

"बारकी आहेत गं. चालतंय की. आज विहिरीपर्यंत आलोय."

फोन ठेवल्यावर बाई कितीतरी वेळ फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, कारण त्यांना हसू येत होतं आणि ते पोरांना दाखवायचं नव्हतं.

शाळेला चालायला पाढाच लागायचा. कवितेला ती हलायची नाही, परिसर अभ्यासाला तर मुळीच नाही. पाढाही पोरांच्याच तोंडचा हवा. बाईंनी स्वतः एकदा एकोणतीसचा म्हणून पाहिला, अगदी खणखणीत. शाळेनं तो ऐकून घेतला आणि होती तिथंच उभी राहिली. पिसाळ साहेब म्हणाले, त्यात काय नवल, शाळा पटावर चालते, शिक्षकावर नाही. पट किती, त्यावर सगळं.

आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली. आंबेदऱ्याच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा. तो जांभळाला टांगलेला, आणि जांभूळ काही शाळेबरोबर निघालं नव्हतं.

"घंटा झाली नाही म्हणजे शाळा सुटली नाही," पिसाळ साहेब म्हणाले. "पोरांना पालक घेऊन जातील, त्यांना कोण अडवणार? पण तुम्ही कामावर. शाळा चालू असताना बाहेर पाय टाकलात की तुम्ही अतिरिक्त ठरलात. आणि अतिरिक्त शिक्षकाला कुठं टाकतील, ते देवाला पण विचारून कळत नाही. सरांची घंटा पण लिंबालाच राहिलीय म्हणे. तेव्हा दोघंही आतच राहा."

म्हणून बाई आतच राहिल्या. रात्री सतरंजीवर झोपायच्या, सकाळी व्हरांड्यात केस विंचरायच्या, आणि पोरं आली की हजेरी घेऊन लगेच, "चला, नऊचा." ओढा गेला, घाट गेला, देवीचा माळ गेला. तांदळाचा टेम्पो मात्र नियमाप्रमाणे जुन्या जागी जायचा आणि रिकाम्या जोत्यावर पोती ठेवून यायचा. स्वयंपाकीण अनुसयाबाई तिथं खिचडी शिजवून डबा डोक्यावर घेऊन शाळेच्या मागं यायची. ती पोचेपर्यंत खिचडी गार आणि शाळा पुढं. शेवटी एका चढाला ती बसलीच. "बाई, तुमची शाळा लई पळती," एवढं म्हणाली आणि डबा ठेवून माघारी गेली.

शाळा जितकी पुढं जायची तितकी वाडी लांब पडायची. आधी पहिलीची पोरं यायची बंद झाली, त्यांचे पाय केवढेसे. मग ज्यांच्या घरी गुरं होती ती. मग ज्यांच्या आया चिडक्या होत्या ती. पोरं कमी झाली की पाढ्याचा आवाज कमी व्हायचा आणि शाळा तेवढीच हळू चालायची. पूर्वी एका पाढ्यात डोंगराची सोंड ओलांडणारी शाळा आता एका पाढ्यात एक बांधसुद्धा ओलांडत नव्हती.

बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. त्या काही दगडाच्या नव्हत्या. समोरच्या रिकाम्या जागा त्यांना दिसायच्या, आणि तरीही तोंडातून निघायचं, "आता तेराचा." वाटायचं, एकदा सरांना जवळून बघू दे. एकदा त्यांच्या ताटात गरम भाकरी पडू दे, सुट्टीची नाही, साध्या मंगळवारची. मग काय शिक्षा व्हायची ती होऊ दे.

तालुक्याच्या हद्दीवरच्या दगडाशी पिसाळ साहेबांनी मोटारसायकल थांबवली. "माझी हद्द संपली बाई," ते म्हणाले. "हिकडं कोण साहेब आहेत मला माहीत नाही. सांभाळून राहा." त्यांनी हात हलवला. खिडकीतून बाई बघत राहिल्या. साहेब बराच वेळ दगडापाशीच उभे होते. त्यांच्याकडे आता एक शाळा कमी होती.

हद्दीपलीकडे सपाट रान होतं. तिथं पोचेपर्यंत पटावर एकच पोर उरलं: ईश्वरी ढेबे, दुसरीतली. तिचा आजा ज्ञानूबा ढेबे शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. अध्यक्षाचंच पोर शाळेत नाही असं कुणी म्हणू नये म्हणून तो तिला रोज खांद्यावर घेऊन सगळी वाट तुडवत यायचा. पोरीला पोचवायचा, कुठंतरी सावलीला आडवा व्हायचा आणि उन्हं कलली की घेऊन जायचा. जाताना शाळेकडे एकदा वळून बघायचा.

आणि मग एके दिवशी, चौदाच्या पाढ्याला, लाखेवस्तीची शाळा समोर दिसली. पिवळ्या भिंती, निळं दार, आणि व्हरांड्यात हणमंत सर. त्यांची शाळा तिथंच थांबली होती. त्यांचं शेवटचं पोर मामाच्या घरी निघून गेलं होतं. आता चालायचं होतं ते एकट्या आंबेदऱ्याच्या शाळेनं, म्हणजे एकट्या ईश्वरीनं.

पोरगी दिवसभर म्हणत होती. उन्हं उतरायला लागली तेव्हा दोन व्हरांड्यांच्या मधे फक्त एक गाडीवाट उरली होती.

"हेमा, बारीक झालीस," सर म्हणाले.

"तुम्ही दाढी नाही केली."

"शाळा सुटली नाही ना अजून. शाळेत दाढी कशी करू?"

दोघांनी आपापल्या कठड्यावरून वाकून हात पुढं केले. बोटं पोचली नाहीत. थोडीशीच राहिली. बाईंना सरांच्या बोटांवरचा खडू दिसत होता, आणि तो आपल्या पदराला पुसावा असं इतकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"एक पाढा," सर हळूच म्हणाले. "एकच पुरे."

बाई वर्गाकडे वळल्या. ईश्वरी भिंतीला टेकून बसली होती. तिचा आजा पायरीशी येऊन उभा होता, पागोट्याच्या शेवानं मान पुसत.

"बाई, उद्यापासनं न्हाई जमायचं," ज्ञानूबा म्हणाला. "प्वार झोपंत बी पाढं म्हणतीया. आन् माजं गुडघं ऱ्हायलं न्हाईत."

"ज्ञानूबा, आज एकच म्हणू दे. मग न्या."

त्यानं पलीकडच्या व्हरांड्याकडे बघितलं. "ह्ये सर व्हय? रामराम सर." मग बाईंना म्हणाला, "म्हणू द्या की. तुमचा बी संसारच हाय. ईसरे, म्हण गं एक."

ईश्वरी उठून उभी राहिली. हात मागं बांधले. तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. तिनं पुन्हा उघडलं. ओठ हलले, डोळे भरले, पण गळ्यातून नुसती हवा आली.

"पाणी पी," बाई म्हणाल्या.

ती प्यायली. पुन्हा उभी राहिली. पुन्हा हवाच.

पाच मिनिटं बसवून ठेवलं असतं तर आवाज आला असता. दटावलं असतं तरी आला असता. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत कुठल्या पोराचा आवाज कसा काढायचा हे बाईंना पाठ होतं. त्यांनी एकदा मागं वळून बघितलं. सर कठड्यावर तसेच वाकलेले होते, हात पुढं करून, अवघडून.

"घसा दुखतोय का गं?" बाईंनी विचारलं. ईश्वरीनं मान डोलावली. "बाई, मला घरला जायाचं," ती ओठांनीच म्हणाली.

बाईंनी तिच्या दप्तराचा पट्टा तिच्या खांद्यावर नीट केला. "जा बाळा," त्या म्हणाल्या. "उद्या नाही आलीस तरी चालेल."

ज्ञानूबानं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि तो पश्चिमेला निघाला. बाई व्हरांड्यात येऊन सरांच्या समोर बसल्या. गाडीवाट मधे होती तर होती. समोर बसून बोलता येत होतं, एवढं तरी कुणाच्या नशिबात असतं?

"राहू दे हेमा," सर म्हणाले. "असं पण बरंय."

"भाकरी केली असती," बाई म्हणाल्या.

वाटेवरून म्हाताऱ्याचा आवाज आला. "म्हण गं ईसरे काय तरी. वाट लांब हाय, म्हणत गेलं की सरती."

मोकळ्या हवेत, आज्याच्या खांद्यावर, घराकडे तोंड झालं आणि पोरीचा गळा सुटला. "बे एके बे."

व्हरांडा हलला. सरांनी कठडा सोडून हात लांब केले. "हेमा," ते म्हणाले.

"बे दुणे चार."

शाळेनं सावकाश तोंड फिरवलं आणि ती आपल्या पटामागं निघाली. गाडीवाटेच्या जागी आता अख्खं वावर होतं. "उतर!" सर ओरडले, आणि लगेच, "नको, नको उतरू, अतिरिक्त होशील!" बाईंचा एक पाय पायरीवर होता आणि दुसरा मातीत, आणि पुढं खांद्यावरची पोर आता खुशीत, मान हलवत, बे त्रिक सहा म्हणत होती.